आत्याचं नाक

ती. आत्या,

दुरूनच नमस्कार. जवळ यायची सध्या हिंमत नाही.

तुला वाटतं, मी पावाच्या यीस्टवर एमएस्सी करतेय. त्यातलं यीस्ट खरं आहे, पाव खोटा. दारूचं नाव काढलं तरी तू ताटावरून उठतेस, म्हणून बोलले नाही. मी बिअर बनवायचं शास्त्र शिकते. सुट्टीत आणलेले पाव बेकरीतले होते. तू ते शेजारीपाजारी कौतुकाने वाटलेस, तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं.

आमच्या विभागात स्वयंपाकघराएवढी ब्रुअरी आहे, यीस्ट जपायला फ्रीजर आहेत आणि चव घ्यायला वेगळी खोली. तिथे लाल दिवा असतो, रंग बघून कुणी मत बनवू नये म्हणून. काल एका ग्लासचा नुसता वास घेऊन मी म्हटलं, "ही बिअर ज्या नळीतून आली, ती नीट धुतलेली नाही." सरांनी तपासलं, तर खरंच.

"कुठे शिकलीस हे?"

खरं तेच सांगितलं. आतोबा घरी आले की तू त्यांना दारातच अडवून हुंगायचीस, आणि खात्रीसाठी मला पुढे करायचीस. लवंग चघळून आले तरी आपण दोघी फसलो नाही.

सर म्हणतात, आत्यांना एकदा घेऊनच ये.

हे पत्र मी टाक्यांजवळ बसून लिहिलं. आत्ता कागद हुंगून पाहिला. हे घेऊन येणाऱ्या पोस्टमनलाच तू दारात अडवशील आणि तो बिचारा फुकट बोलणी खाईल. म्हणून पाठवत नाही.

तुझ्याच नाकाची,
भाची