दाराबाहेरचे

झिंज, मंगळवार, संध्याकाळ

ब्रेंडन साहेबांना जनाबियाला त्यांच्या घरी सोडून आलो, तरी ती चूल डोक्यातून जात नाही. इथे आखातात मी त्यांचा ड्रायव्हर. साहेब आयर्लंडचे, गाडीत सहसा गप्प असतात. आज आपणहून सांगत होते. त्यांच्या मुलखात इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा इंग्लंडचा राजा दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात एकेका बड्या जमीनदाराला शेरीफ नेमायचा. कुळाला घराबाहेर काढायचं काम त्याच्याकडे. पण तो स्वतः कशाला जातोय, हाताखालची माणसं जायची. त्यांनी चुलीतला विस्तव विझवला की घराचा ताबा मिळाला असं धरायचं. साहेबांच्या पणजीची चूल अशीच विझवली.

मग म्हणाले, "सलीम, तुझं आडनाव खोत. म्हणजे काय?"

"गावचे जमीनदार. सारा गोळा करून सरकारात भरायचे."

"म्हणजे माझी पणजी चुलीपाशी, आणि तुम्ही दाराबाहेरचे."

हसतच म्हणाले. मला राग यायला हवा होता, नाहीतर लाज तरी. काहीच आलं नाही.

घरी पोचतोय तोच गुहागरहून भाईचा फोन. आजोबांच्या वेळचं आमचं एक कूळ, त्यातली म्हातारी जैनबचाची अजून खालच्या घरात राहते. भाईला ते घर रिकामं हवंय.

"तू येऊ नको. मुखत्यारपत्रावर सही करून पाठव, बाकी मी बघतो."

"तिची चूल पेटते अजून?" का विचारलं कोण जाणे.

"रोज. सकाळी धूर दिसतो ना. का रे?"

"काही नाही. पाठवतो, इंशाल्ला."

इंशाल्ला म्हणजे अल्लाची मर्जी असली तर; भाईने ते हो धरलं. मीही धरू दिलं.