फिकी पट्टी

३ फेब्रुवारी
मिळालं! बदामाचं पीठ — दहा किलोची गोणी, जवळजवळ निम्म्या भावात. घाऊकवाला म्हणाला, "ताई, एकदम घेताय म्हणून देतोय, कुणाला सांगू नका." कशाला सांगतेय!
ठमीचं केटो पथ्य सुरू झाल्यापासून माझा पगार लोणी, साय, अंडी आणि बदामातच विरघळतो. पण डॉक्टर म्हणाले होते, औषधांनी हात टेकले, आता आहारच तिच्या फिट्स थांबवेल. गोडाला आणि पिठूळ पदार्थांना शिवायचंसुद्धा नाही. आज एकाहत्तर दिवस झाले — एकही फीट नाही. सहा वर्षांची पोर, पण बिस्किटासाठी कधी हट्ट नाही.
लोण्याचं खोकं फ्रीजरमध्ये, अंड्यांचे ट्रे पलंगाखाली. "घर आहे की गोदाम?" हे विचारतात. हसू देत.

५ फेब्रुवारी
आज बदामाच्या पिठाचा पाव पहिल्यांदाच चिरला नाही. छान फुगला. ठमीनं दोन चकत्या खाल्ल्या! हात बसला म्हणायचा.

८ फेब्रुवारी
सकाळची लघवीची पट्टी फिकी गुलाबी. रोज गर्द वांगी असते, म्हणजे पथ्य नीट चाललंय; फिकी म्हणजे पोटात गोड किंवा पीठ गेलंय. दुसरी पट्टी बुडवली — तीच गत.
कुणीतरी तिला काहीतरी खायला घालतंय.

९ फेब्रुवारी
पुन्हा फिकी. मी दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरवर, हे कामावर. शाळा सुटल्यावर घरात ठमी आणि सासूबाई, दोघीच. पहिल्या दिवसापासून सासूबाईंचं एकच पालुपद — "वाढत्या अंगाच्या पोरीला नुसतं लोणी? हे कसलं औषध!"
डब्यातली बिस्किटं मोजून ठेवली. एकोणीस. साखरेवर चमच्यानं रेघ ओढली.

११ फेब्रुवारी
बिस्किटं एकोणीस. रेघ जशीच्या तशी. म्हणजे बाहेरून आणतात!
आल्या आल्या ठमीचं तोंड हुंगलं. "आई, काय करतेस?" काही नाही गं. आजीनं काय दिलं? "काही नाही. गोष्ट सांगितली." फार पटकन बोलली. पढवलेली वाटली.

१२ फेब्रुवारी
सासूबाईंच्या उशीखाली गोळीचा कागद. खोकल्याची गोड गोळी! कागद जपून ठेवलाय.

१४ फेब्रुवारी
फीट आली. शाळेतून फोन — तशीच धावले. अंगात दुकानाचा कोट, गिऱ्हाईक काउंटरवर उभंच. बाईंनी तिला कुशीवर निजवलं होतं. चार मिनिटं, म्हणाल्या. ओठ अजून निळसर. ब्याऐंशी दिवस पाण्यात.
संध्याकाळी तो कागद सासूबाईंपुढे टाकला.
"माझ्या खोकल्याची गोळी आहे ती. तिला एकही दिली नाही."
"मग पट्टी खोटं बोलते?"
"आवाज कमी कर," हे मध्ये पडले. मी ऐकते कुठली! सासूबाईंना मी म्हणाले — तुमच्या लाडापायी पोर हातची जाईल.
सासूबाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. गुन्हेगारच गप्प बसतो.

१५ फेब्रुवारी
सासूबाई नणंदेकडे गेल्या. पिशवी स्वतःच भरली. ठमीला म्हणाल्या, "आईचं ऐक." मला एक अक्षरही नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! मी आठवडाभर रजा टाकलीय. ठमीला शाळेतही पाठवणार नाही.

१८ फेब्रुवारी
फिकी! सासूबाई नाहीत, शाळा नाही, तीन दिवस पोर माझ्या डोळ्यांसमोर — आणि फिकी! मग कोण? हे?
आंघोळीला गेले तेव्हा यांचे खिसे चाचपले. रुमाल आणि सायकलची किल्ली. लाज वाटली. पण थोडीच.

१९ फेब्रुवारी
ठमीचं पथ्य ठरवून देणाऱ्या डाएटवाल्या बाईंना फोन केला. ठमी काय काय खाते, सगळं त्यांनी वदवून घेतलं. "नवीन काय आणलंत?" काही नाही हो, तेच सगळं. "तेच, पण कुठून?"
पिठाचं सांगितलं. त्यांनी भावही विचारला. मग म्हणाल्या, "आयोडीनचा एक थेंब टाकून बघा. नुसता बदाम असेल तर तपकिरीच राहील. स्वस्त पिठाची भेसळ असेल तर काळंनिळं होईल."
दुकानातून बाटली आणली. घरचे बदाम कुटले, त्यावर थेंब — तपकिरी. मग गोणीतलं चमचाभर.
शाई सांडावी तसं झालं.
रोज दोन चकत्या. माझ्याच हातानं. पाव फुगला म्हणून नाचत होते मी!

२० फेब्रुवारी
घाऊकवाल्याकडे गेले. "ताई, माल वरूनच तसा येतो." डोळे वर करून बघेना. तडक अन्नतपासणीच्या कार्यालयात जाऊन नमुना आणि लेखी तक्रार दिली. उरलेली गोणीही त्यांच्याच ताब्यात.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "हे मला कशाला सांगतेस? जिला सांगायचं तिला सांग."

२२ फेब्रुवारी
पट्टी वांगी! आनंद करायलाही तोंड नाही.

२३ फेब्रुवारी
नणंदेकडे गेले. पाया पडायला वाकले, तर सासूबाईंनी दंडाला धरून उठवलं. म्हणाल्या, "मी काही देत नव्हते, हे मला तरी ठाऊक होतं ना. पण मी घरात असेपर्यंत तू माझ्यावरच डोळा ठेवून बसली असतीस, दुसरीकडे बघितलंच नसतंस. म्हणून गेले."