आईच्या छातीतली गाठ

प्रिय ठमे,

बेकरी पुन्हा सुरू केली. पहिली खेप करपली. तुझी आई असती तर गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली असती, पाव विकताय की कोळसा? तू हॉस्पिटलातल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलायस हे जावईबापूंकडून कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मला समोर बसून बोलणं जमत नाही, म्हणून लिहितोय.

आईच्या छातीतली पाण्याची गाठ पहिल्यांदा तुझ्याच स्कॅनच्या मशीनवर दिसली. साधी आहे, घाबरू नकोस, असं तू तिला म्हणालीस. मोठे डॉक्टरही तेच म्हणाले, जन्मापासूनची आहे, कॅन्सर नाही, त्रास होईपर्यंत नुसतं लक्ष ठेवू. आई गाठीला भाडेकरू म्हणायची. भाडं देत नाही, पण भांडतही नाही, तुझ्या बाबांपेक्षा बरा! तुम्ही मायलेकी किती हसला होतात.

मग एके दिवशी ती म्हणाली, अंग तापल्यासारखं वाटतंय. मी कपाळाला हात लावला, आपल्या भट्टीवरच्या कारागिराच्या बायकोनंही लावला. भट्टीपाशी उभ्या माणसाचं कपाळ कधी गार असतं का? आमचे हातही तापलेलेच. खोकला पिठाचा वाटला, तो तर आम्हा सगळ्यांनाच आहे. छातीत दुखू लागलं तेव्हा लगेच नेलं, पण उशीर झाला होता. नंतर डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. गाठीत पू झाला, ती हृदयाच्या आवरणात फुटली, आणि तिथे साचलेल्या पाण्याच्या दाबानं हृदयाला फुलायला जागा उरली नाही. असं फार क्वचित होतं, म्हणाले. त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं. त्या 'क्वचित'नं माझं दुःख काही हलकं झालं नाही. पण तू आईला चुकीचं सांगितलं नव्हतंस, एवढं मला पक्कं कळलं.

आता कारागिराच्या बायकोनं घाबरून छातीचा फोटो काढून घेतला, तर तिच्याही छातीत तशीच गाठ निघाली. माझीही वेळ आली म्हणते, जेवत नाही. मी म्हणालो, काही होत नसतं. तिनं ताट बाजूला सारलं. तिला दोन्ही गोष्टी सांगणारं माणूस हवंय, की बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, आणि काही झालं तर अंगावर न काढता धावत यायचं. डॉक्टर सांगतीलच, पण ती ऐकेल ते तुझं. आईची मुलगी म्हणून. सोमवारी सकाळी तिला घेऊन येतोय. मशीनपाशी तू हवीस.

तुझाच,
बाबा