सात नंबरची नळी

२ फेब्रुवारी
आज पहाटे चारला उठलो. अंघोळ केली, रसायनशास्त्राचं पुस्तक देवापुढे ठेवलं, हात जोडले. मग पुस्तक तिथून उचलायचं राहिलं आणि कामावर निघून गेलो. तरी सुरुवात चांगली झाली.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं शिपाई आहे. पहिल्या वर्षाचा हा एक विषय सुटला की सहायक. म्हणजे पांढरा कोट. आजवर सरांचा नुसता धुऊन वाळत घातला.

५ फेब्रुवारी
मोल वाचला. एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं, इतके कण. ज्याने एवढे निर्माण केले त्याला मनोमन नमस्कार केला. पुढे वाचवेना. बायको म्हणाली, नमस्कार झाला असेल तर गणित सोडवा.

११ फेब्रुवारी
वाचण्यापेक्षा हाताने अभ्यास बरा. फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्या उतरवून पुस्तकातल्या गटांप्रमाणे नव्याने लावल्या. संध्याकाळ झाली. धडा एकही झाला नाही, पण पाया पक्का झाला.

२८ फेब्रुवारी
लेखी झाली. मोल आला होता. मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळख दिली नाही. काठावर सुटेन. आता सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर.

४ मार्च
उद्यासाठी काचेच्या नळ्यांत क्षार भरले, नंबर टाकले, यादी परीक्षा घेणाऱ्या सरांना दिली. आपल्या नळीत काय आहे ते विद्यार्थ्याने तपासून ओळखायचं. सर म्हणाले, मामा, परीक्षेला तुम्ही आणि नळ्या भरणारही तुम्हीच? मी म्हटलं, सर, भरलं की विसरतो. दुसरं माणूसच नव्हतं. सर हसले.
बाकी बाटल्या लेबल वाचून घेतल्या. सातव्या नळीतल्या नवसागराला वाचायची गरज नाही. तिसरी फळी, डावीकडून चौथी. हात आपोआप जातो.

५ मार्च
सकाळच्या तुकडीत एका मुलीला सात नंबर आला. तिने पोटॅशियम क्लोराइड लिहिलं. नापास. बेसिनपाशी रडत म्हणाली, मामा, तीनदा केलं हो, वासच येत नाही. मी म्हटलं, बाळ, शांतपणे केलं की येतो.
दुपारी माझी पाळी आली, नंबराची चिठ्ठी उचलली. सात. देवाची इच्छा. तरी प्रामाणिकपणे सगळं केलं. कॉस्टिक सोडा घालून तापवलं. नवसागर असला की नाक झोंबतं. झोंबलं नाही. सर्दी असावी. ज्योत जांभळी दिसली, नवसागराची तशी नसते. चष्मा बदलायला हवा. नवसागर लिहिलं. पैकीच्या पैकी.

६ मार्च
नळ्या धुवायला घेतल्या. सहज तिसऱ्या फळीकडे नजर गेली. डावीकडून चौथी बाटली, पोटॅशियम क्लोराइड. मीच ठेवलेली, अकरा फेब्रुवारीला. नवसागर खालच्या फळीवर, सीलही फोडलेलं नाही.
सात नंबरची नळी धुतली नाही. आज सांगायला उशीर झाला होता.

७ मार्च
सर मीटिंगमध्ये होते. दारातून एकटेच दिसले, पण मीटिंगचाच विचार करत असणार.

९ मार्च
ती मुलगी लहान आहे, पुढच्या वर्षी बसेल. मी पन्नाशीला आलो. हेच देवापुढे बसून मांडायला गेलो तर शब्द जुळेनात. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कॉलेजच्या त्याच आवारात ती येणार-जाणार, कोट घालून तिच्यासमोरून कसे हो जाल? आणि भाजी चिरत राहिली.

१० मार्च
सकाळी नळी घेऊन सरांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं. सरांनी स्वतः तापवून पाहिलं. वास नाही. मुलगी पास, मी नापास. सर म्हणाले, मामा, तुमचं नाक खरं बोलत होतं, तुम्हीच ऐकलं नाहीत. पुढच्या वर्षी बसा. नळ्या मी भरीन.
मुलीला सांगायला मीच गेलो. तिने विचारलं, म्हणजे मामा, तुम्हाला तरी वास आला होता का?
नाही, म्हणालो.
परत येऊन सरांचा कोट धुतला, वाळत घातला.