पोटातला शब्द

१९ जानेवारी १९८७, कोरगाव

पाद्री मार्सेल आज पेडण्याहून स्कूटरवर आले — दीड महिन्याने. डिसेंबरात राजभाषेच्या आंदोलनाने रस्ते बंद होते. नंतर उघडले, तरी आम्ही एकमेकांना टाळलं. ते कोकणीवाले. मी पंचवीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. दारातच म्हणाले, "बाई, झगडें करपाचें तर चहा घेवन करूया."

भांडलो नाही. त्यांना चर्चच्या मुलांसाठी बायबलातल्या गोष्टी मूळ हिब्रू शब्द धरून कोकणीत करायच्यात. हिब्रू त्यांची पक्की, देवनागरी कच्ची. ती माझ्याकडे.

२० जानेवारी

शलमोन राजाची गोष्ट. दोन बाया, एकच तान्हं मूल. राजा म्हणतो, तलवारीने दोन तुकडे करा. तेव्हा खरी आई म्हणते, तिलाच द्या, पण मारू नका.

मी लिहिलं, "तिका दया आयली." पाद्रींनी खोडलं.

"हिब्रूत रहमीम. रेहेम म्हणजे गर्भाशय, त्याच मुळाचा शब्द. दया सुकी पडता."

"मग 'पोट तुटलें' लिहू?"

त्यांनी खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हेंच."

२२ जानेवारी

तो शब्द आईचा. मी शाळेला निघाले की म्हणायची, "तू गेलंस की पोट तुटता माजा." काजूच्या दिवसांत ओल्या बिया सोलून तिची बोटं काळी पडत — गर सगळा माझ्या ताटात.

बाराव्या वर्षी एका लग्नघरात कळलं. आई, म्हणजे सुमंगला, माझी जन्मदाती नव्हे. जन्म दिला तिच्या धाकट्या बहिणीने, लाटंबार्श्याच्या चंद्रावतीमावशीने. चार मुली ठेवल्या. पाचवी मी, दीड वर्षाची, मूल नसलेल्या बहिणीला देऊन टाकली. तेव्हापासून मावशीशी कामापुरतं बोलले. आई गेली तेव्हासुद्धा.

५ फेब्रुवारी

काल कायदा झाला, राजभाषा कोकणी ठरली. पाद्रींनी पेढे आणले नाहीत, मी रडले नाही. गोष्ट पुरी केली.

का कोण जाणे, मावशीचं सांगितलं त्यांना. एवढंच म्हणाले, "कित्याक दिली, तें विचारलां कधी?"

नाही विचारलं.

६ फेब्रुवारी

आज मावशीकडे जायचं होतं. गेले नाही.

८ फेब्रुवारी, लाटंबार्से

डिचोलीला बस बदलून आले. मावशी ओटीवर सुपारी कातरत होती. ब्याऐंशीची झाली. मी उभ्याउभ्याच विचारलं, "मला का दिलंस?"

अडकित्ता खाली ठेवला. "अक्का रडा होती, म्हणान दिलंय. आठव्या दिसा परत न्हेवक इल्लंय तुका. अक्का तुका न्हाणय होती. तू तिका 'आई' म्हटलंस. मी खळ्यातसूनच फिरलंय. अक्काक कधी कळला नाय."

शेवटची बस जाऊ दिली. आज मावशीकडेच.