लिहिणारीनं बोलायचं नाही

नाना, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाची बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी भाकरी थापत होते. हात तसाच पिठात राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. पुढची बातमी मी ऐकलीच नाही. मला सेलूच्या घरातली आपली बैठकीची खोली दिसत होती, खिडकीजवळची तुमची वेताची खुर्ची, आणि तुमचा आवाज ऐकू येत होता. त्या रविवाराला पंधरा वर्षं उलटली, तरी तो आवाज आठवला की कान बंद झाल्यासारखे होतात, त्या दिवशी झाले होते तसे.

आई गेल्यावर घरात आपण बापलेकच उरलो. मी शाळेत शिकवून आले की भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘लिहितेस ना? मग एकटी कशाला लिहितेस? चार मैत्रिणी गोळा कर.’ आणि मी खरंच केल्या. एक कापसाच्या अडत्याची सून, एक पोस्टात तिकिटं विकणारी, आणि माझ्याच शाळेत शिकवणारी ती पालम गावची, जी तुमची विद्यार्थिनी होती आणि बसस्टँडमागे खोली घेऊन राहायची. रविवारी दुपारी सगळ्या जमायच्या. अडत्याची सून धापा टाकतच यायची. ‘सासूला सांगून आले, स्वेटर विणायला शिकायलेय. आता सेलूच्या या उन्हात एक स्वेटर दाखवावा लागतोय बघा मला!’ पोस्टातली म्हणायची, ‘बाही नसलेला दाखव, लवकर होईल.’ तुम्ही खुर्चीत बसून मिशीत हसायचात. मी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला करायची, वर लिंबू पिळून, आणि पालमची दरवेळी म्हणायची, ‘मिरची कमी पडली ग, तू लय भित्री हायेस.’

नियम तुम्ही घालून दिला होता. आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिनं दुसरीचं वाचायचं. आणि चर्चा चालू असताना लिहिणारीनं बोलायचं नाही. ‘वाचकाच्या घरोघर जाऊन समजावून सांगणार आहात का?’ असं तुम्ही विचारलं होतं. आम्हाला तो नियम फार आवडला. अडत्याच्या सुनेनं एकदा आपल्या सासूवर लिहिलं आणि आम्ही तिघींनी त्या म्हातारीची बाजू घेतली, तेव्हा ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती, पण बोलली नाही.

मग तो पावसाळा. विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव पेटलं. तुम्ही तेव्हा शेताचं बघायला आपल्या गावी गेला होतात. दुसऱ्या दिवशी परत आलात, धोतर चिखलानं भरलेलं. मी विचारलं तर ‘गावात गडबड झाली’ एवढंच म्हणालात, अंघोळ केलीत आणि शाळेत गेलात. आपल्या गावच्या बौद्ध वस्तीतली घरं जळाली, हे मला दोन दिवसांनी बाजारात कळलं. पालमचीची मावशी त्याच वस्तीत राहायची, तेही तेव्हाच कळलं. पालमची काही आठवडे आली नाही. आली त्या रविवारी तिनं पानं माझ्यापुढे ठेवली आणि चिठ्ठीत वाचायला माझंच नाव निघालं.

मी वाचतेय. एक बाई दिवेलागणीला दोन लेकरं घेऊन चिखलातून पळतेय. मागे छपरं पेटलीत. गावात एक माळवदाचं घर आहे, त्यात तालुक्याला शिकवणारा मास्तर आलेला आहे. याच मास्तरनं तिच्या थोरल्याला पाटी दिली होती. ती मागच्या दाराशी जाते. दार उघडं आहे. मास्तर समोर उभा आहे, लेकरांकडे बघतो, आणि दार लावून आतून कडी घालतो. बाई लेकरांना घेऊन उसात बसते, पाऊस अंगावर घेत, उजाडेपर्यंत. मी चांगलं वाचलं, नाना. थांबायचं तिथं थांबले. तुम्ही त्या दिवशी गावी होतात हे मला माहीत होतं, माळवदाचं घर कुणाचं तेही मला कळायला हवं होतं. पण कळलं नाही. आजही याचाच विचार करून मी सुन्न होते, की मी ते सगळं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचलं आणि मला काहीही कळलं नाही.

मग सवयीप्रमाणे चर्चा सुरू झाली. अडत्याची सून डोळे पुसत म्हणाली, ‘बाई ग, काटा आला अंगावर. पण तो मास्तर काही पटला न्हाई मला. शिकलेला माणूस, पाटी देणारा, तो कडी घालील का?’ पोस्टातली म्हणाली, ‘तो फारच काळा रंगवलाय.’ आणि मी म्हणाले, ‘त्याच्या मनात काय चाललं होतं ते यायला पाहिजे. कारण दिलं पाहिजे त्याला.’ पालमची पायाच्या अंगठ्याकडे बघत गप्प बसली होती. आम्ही तिच्या मावशीची ती रात्र खरी वाटते की नाही याचा निवाडा करत होतो, आणि ती नियम पाळत होती.

‘पटतो,’ तुम्ही म्हणालात.

आम्ही वळून बघितलं. तुम्ही खुर्चीतून उठला नव्हतात. वर्गात शुद्ध मराठीसाठी पोरांचे कान पिळणारे तुम्ही, पण तेव्हा गावाकडचं बोललात. ‘कडी म्या घातली. लेकरं भाईर हायत हे दिसत व्हतं मला. कारण काई न्हाई. भ्यालो.’

सुशीलाची बशी माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली की नाही, मला सांगता यायचं नाही. अडत्याची सून पालमचीचा दंड हलवत होती, ‘अग बोल की! चुलीत घाल तो नियम!’ पण तिनं पानं गोळा केली, पिशवीत घातली, चपला घातल्या. उंबऱ्यात उभं राहून ती आम्हा तिघींना म्हणाली, ‘पुढच्या रविवारी माझ्या खोलीवर. मावशी आणि लेकरं हायत, जागा कमी पडंल, पण या.’ मग तुमच्याकडे बघून, अगदी वर्गात बोलायची त्याच अदबीनं, ‘सर, तुमी येऊ नका.’

तो आठवडा आपण दोघं एका घरात कसे राहिलो कोण जाणे. मी वाढायची, तुम्ही जेवायचात. मला ओरडायचं होतं, पण तुमच्या ताटातली भाजी संपली की माझा हात आपोआप पुढे जायचा. तिच्याकडे जावं तर तुम्हाला सोडल्यासारखं, न जावं तर तिच्या तोंडावर मीही दार लावल्यासारखं. रविवारी मी साडी बदलून दाराशी अडखळले. तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘जा. उशीर होईल.’ मी गेले. मावशीनं मला ओळखलं, सरांची लेक म्हणून. तिनं धाकट्याला सरकवून मला चटईवर जागा केली.

त्यानंतर तुम्ही असेपर्यंत, तीन वर्षं, दर रविवारी मी गेले. तुम्ही कधी विचारलं नाहीत, काय वाचलं म्हणून. मी कधी सांगितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा पालमची आली, दारात उभी राहिली, माझा हात धरला, आणि आत तुमच्यापाशी न येता परत गेली. मला त्याचा राग आला नाही. तिच्याशी माझं अजून रोजचं बोलणं आहे, पण तुमच्याबद्दल आम्ही एक शब्द बोलत नाही. तिनं तुम्हाला माफ केलं का, हे मी विचारणार नाही, आणि मी केलं का, हे तुम्ही विचारू नका.

हे पत्र कुठे टाकणार मी? तरी एक गोष्ट लिहून ठेवते, जी मला स्वतःला सांगायलाही इतकी वर्षं लागली. त्या खोलीत, त्या गर्दीत, मावशीची लेकरं मांडीवर लोळत असताना मी जे लिहिलं, ते आपल्या घरात कधी लिहू शकले नव्हते. आम्ही तिथं पोट धरून हसायचो, नाना. मला तिथं फार बरं वाटायचं. परत येताना मी आपल्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबायची, चेहरा सरळ करायची, आणि मग घरात यायची.