साहेबाला भट्टीत घालायची कृती

३ तारीख, सोमवार
खोडरबर म्हणाला, नव्या गेममधली किमया तुम्हीच रचा सर, तुम्ही अनुभवी. अनुभवी म्हणजे म्हातारा. हा खोडरबर आमचा टीम लीड. माझ्याच हाताखाली शिकला आणि मागच्या गेममधली माझी अख्खी मासेमारी एका दुपारी पुसून मोकळा झाला. तळं तेवढं ठेवलं. गावकरी काठावर येऊन नुसते उभे राहतात.
या वेळी काय पुसतो तेच बघतो.

४ तारीख
संकल्प. एक : एकशे चव्वेचाळीस कृती. गावकऱ्यानं किमयेच्या भट्टीत काहीही टाकलं तरी काहीतरी घडलंच पाहिजे. दोन : सूड, पण डोकं थंड ठेवून. तीन : सकाळी चालणं. (तिसरा उद्यापासून.)

७ तारीख
गावप्रमुखाला खोडरबरचा चेहरा दिला. तेच टक्कल, तीच मान हलवायची लकब. कृतींचा तक्ता इंग्रजीत असतो. त्यात नाव घातलं नाही, पुरावा राहतो. नुसता हुद्दा लिहिला : लीड.
गुप्त कृती क्रमांक १४५ : लीड अधिक भट्टी बरोबर राख.

९ तारीख
चहा पिताना हसू फुटलं. बायकोनं कारण विचारलं, सांगितलं. म्हणाली, अहो, त्यापेक्षा समोर बसून एकदा भांडून घ्या की!
संसारी माणसाला सूड कळत नाही.

१४ तारीख
सगळ्या कृती पूर्ण. गंधक अधिक विहिरीचं पाणी : सगळं गाव तीन दिवस खरं बोलतं. असलं डोकं या ऑफिसात दुसरं नाही.

१७ तारीख, सकाळी ११
चाचणी. खेळायला बाहेरचे पंधरा जण. खोडरबर पहिल्या रांगेत.
११.४० : एका बाईंनी गावप्रमुखाला बखोटीला धरून भट्टीकडे नेलं. देव त्यांचं भलं करो.
११.४१ : सोन्याचा झाला.

दुपारी
प्रोग्रामरबाईंना गाठलं. त्यांनी थंडपणे तक्ता दाखवला. शिसं म्हणजे लेड, साहेब म्हणजे लीड, पण इंग्रजी स्पेलिंग एकच. आणि कृती क्रमांक एक माझीच : शिसं अधिक भट्टी बरोबर सोनं. यंत्र वरून खाली वाचतं म्हणे, पहिली जुळली की पुढे जातच नाही. वर विचारतात, मग ती राखेची कोणासाठी होती, सर?
म्हटलं, शेतीसाठी. खत.

१८ तारीख
पंधराच्या पंधरा जणांनी दुसरं काही केलंच नाही. साहेबाला भट्टीत घाला, सोनं काढा, टाळ्या. खोडरबरचे डोळे भरून आले. सर्वांदेखत मला मिठी मारली. म्हणाला, सर, मला वाटायचं तुमच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे.
म्हटलं, छे छे.

२१ तारीख
खोडरबरनं सोन्याची कृती ठेवली. बाकीच्या एकशे चव्वेचाळीस पुसल्या. खेळणाऱ्यांचं लक्ष उडतं म्हणे.
संकल्प : राजीनामा. उद्याच. झणझणीत.

२२ तारीख
सोन्याच्या टकलावर चकाकी नीट बसत नाहीये. खोडरबर म्हणाला, माझा चेहरा तुमच्याइतका कोणी बघितलाय, सर? तेव्हा सकाळपासून त्याला समोर बसवून टक्कल न्याहाळतोय. डावीकडून जास्त चमकतं.
मध्येच त्यानं हळूच विचारलं, सर, तुम्ही खूश आहात ना?
म्हटलं, मान हलवू नकोस.